चौदा इंचांत कार्पेट एरिया किती?

प्रश्न थोडक्यात असा: "मी डोंबिवलीत राहते, घरून मराठी मुद्रितशोधनाचं काम करते. जुना १५.६ इंची लॅपटॉप बंद पडला म्हणून नवा १४ इंची घेतला. ही स्क्रीन जास्त उंच आहे, वाचायला बरी, असं दुकानात सांगितलं. घरी मात्र एका वेळी आधीपेक्षा कमी ओळी दिसतात. ब्राउझरमध्ये टॅबची नावं वाचता येत नाहीत. मराठी पानाची लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची रांगच्या रांग जाते. लॅपटॉप परत करू का? ब्राउझर कोणता ठेवू? अधूनमधून आईसुद्धा वापरणार आहे."

परत करू नका, निदान या कारणासाठी तरी. दुकानदार खोटं बोललेला नाही आणि तुमची तक्रारही खरी आहे. दोघांच्या मध्ये विंडोजची एक सेटिंग बसली आहे.

दादर-परळकडच्या लहान ऑफिसांत आणि क्लासेसमध्ये नवे लॅपटॉप लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो. खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात फोन येतो तो बहुतेक याच सुराचा: मशीन छान आहे हो, पण काहीतरी अडचण होतेय. खोदून विचारलं की कळतं, अडचण लॅपटॉपमध्ये कमी आणि ब्राउझरच्या खिडकीत जास्त आहे. मेल, बँक, जीएसटी, गूगल डॉक्स, वर्तमानपत्र, सगळं आता तिथेच चालतं. त्यामुळे नव्या लॅपटॉपबद्दल पहिल्या आठवड्यात जे मत बनतं, ते बरंचसं त्या स्क्रीनवर उघडलेल्या ब्राउझरबद्दलचंच असतं.

आधी मोजमाप करू. १५.६ इंची जुन्या स्क्रीनचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ असणार, म्हणजे काचेची उंची सुमारे १९.४ सेंटिमीटर. नव्या १४ इंचीचं प्रमाण १६:१०, उंची सुमारे १८.८. नवी स्क्रीन "उंच" आहे ती स्वतःच्या रुंदीच्या मानाने. पट्टी लावलीत तर ती अर्ध्या सेंटिमीटरने बुटकीच भरेल. रुंदी मात्र ३४.५ सेंटिमीटरवरून ३०.२ वर आली, आणि तुमची बॅग जी हलकी झाली ती तिथे. तरीही १६:१० चा मी पक्षपाती आहे. साधारण २००८ नंतर लॅपटॉप कंपन्यांनी १६:९ कडे उडी मारली ती वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हती. टीव्हीसाठी बनणाऱ्या पॅनेलच्या मापात लॅपटॉपची पॅनेल स्वस्त पडत होती, एवढंच. अ‍ॅपलने आपल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये १६:१० सोडलं नाही. विंडोजच्या बाजूला २०२० च्या आसपास डेलच्या एक्सपीएस १३ सारख्या लॅपटॉपांनी ते परत आणलं आणि मग बाकीचे हळूहळू आले.

आता ती सेटिंग. तुमच्या स्क्रीनवर बहुधा १९२० गुणिले १२०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, आहेत. इतके पिक्सेल १४ इंचांत कोंबले की अक्षरं बारीक होतात, म्हणून विंडोज स्वतःहून सगळं १५० टक्के मोठं करून दाखवते. त्यामुळे १२०० ची उंची व्यवहारात ८०० ची होते. जुन्यावर १०८० होते, पण १५.६ इंचांना सहसा १२५ टक्के लागतात, म्हणजे व्यवहारात ८६४. खोक्यावरचा आकडा वाढला आणि हातात कमी पडलं.

मुंबईत घर घेताना बिल्ट-अप किती आणि कार्पेट किती हे आपण विचारतो, तसंच इथे विचारायला हवं. त्या ८०० मधून विंडोज ११ चा टास्कबार ४८ घेतो (विंडोज १० चा ४० घ्यायचा). टॅबची पट्टी आणि पत्त्याची पट्टी मिळून ब्राउझर ८५ ते ९० घेतो. बुकमार्कची पट्टी उघडी असेल तर आणखी तिशी-पस्तिशी. ती बंद धरली तरी मजकुराला उरतात जेमतेम ६६०. जुन्या मशीनवर याच हिशेबाने ७३५ च्या आसपास उरत होते. फरक सत्तर-पंच्याहत्तरचा, म्हणजे साध्या लेखाच्या तीनेक ओळी. तुम्हाला खटकल्या त्या याच.

उपाय: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, आणि तिथे स्केल १५० वरून १२५ करा. ८०० चे ९६० होतील आणि टास्कबार, पट्ट्या वजा जाता मजकुराला सव्वाआठशे उरतील, जुन्यापेक्षा जास्त. अक्षर जुन्या लॅपटॉपच्या मानाने साधारण आठव्या हिश्शाने लहान दिसेल. इंग्रजी वाचणाऱ्याला ते चालतं. रफार की अनुस्वार, ऱ्हस्व की दीर्घ हे दिवसभर बघणाऱ्या माणसाला चालणार नाही. म्हणून दुसरी पायरी अशी की काम करता त्या साइटवर कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबा आणि पान ११० किंवा १२५ टक्क्यांवर न्या. ब्राउझर हा झूम त्या साइटपुरता लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी पुन्हा करावा लागत नाही.

मग आधीचे १५० टक्के काय वाईट होते? स्केल वाढवलं की टास्कबार, टॅब, बटणं, मेन्यू सगळंच फुगतं. झूम वाढवला तर फक्त मजकूर वाढतो. जागा कुणाला द्यायची हे विंडोजने ठरवण्याऐवजी तुम्ही ठरवता. टास्कबार आपोआप लपण्याचा पर्यायही आहे, त्याने आणखी ४८ मिळतात. पूर्वी टास्कबार डाव्या कडेला उभा करता येत असे आणि आडव्या स्क्रीनवर तीच त्याची योग्य जागा होती. विंडोज ११ आणताना ती सोय काढून टाकली, ती का काढली याचं पटेलसं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आता टॅब. इथे ब्राउझरांच्या स्वभावातला फरक उघड दिसतो. क्रोममध्ये टॅब वाढले की प्रत्येक टॅब आकसत जातो. वीस टॅबनंतर फक्त चित्रं उरतात, आणि सहा टॅब एकाच वर्तमानपत्राचे असतील तर सहा सारखीच चित्रं. फायरफॉक्स टॅबला एका ठरावीक रुंदीखाली आकसू देत नाही. त्यानंतर पट्टी सरकायला लागते, नावाचा तुकडा तरी दिसत राहतो, पण काही टॅब नजरेआड जातात. क्रोमचं म्हणणं, सगळे टॅब कायम समोर हवेत. फायरफॉक्सचं म्हणणं, जे समोर आहेत ते ओळखू आले पाहिजेत. वाचनाचं काम करणाऱ्याने दुसऱ्याचं ऐकावं असं माझं मत आहे. क्रोमवरच राहायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा, उघड्या टॅबची यादी येते आणि तिच्यात नावाने शोधता येतं. ही सोय फारच थोड्यांना माहीत असते.

खरं उत्तर मात्र उभे टॅब. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ते २०२१ पासून आहेत, फायरफॉक्समध्ये मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून. नावं एकाखाली एक, पूर्ण ओळीत. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांसकट नाव वाचायचं तर पन्नास-साठ पिक्सेलच्या टॅबमध्ये अडीच अक्षरं मावतात, तिथे उभ्या यादीत अख्खा मथळा येतो. दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. एजमध्ये उभे टॅब सुरू केले तरी वरची रिकामी शीर्षकपट्टी तशीच राहू शकते. ती लपवण्याचा वेगळा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, तो चालू केल्याशिवाय उंचीत काहीच मिळत नाही. दुसरं, ही यादी रुंदीतून दोनशेहून जास्त पिक्सेल खाते. तुमचं स्केल १५० असेल तर व्यवहारातली रुंदी १२८०, त्यातून यादी वजा केली की पान हजाराच्या आसपास येतं, आणि कित्येक साइट्स तेवढ्या रुंदीला टॅब्लेट समजून मेन्यू दुमडून टाकतात. १२५ ला रुंदी १५३६ असते, मग यादी सुखाने मावते. आधी स्केल, मग उभे टॅब, या क्रमानेच करा.

लिंकचा प्रश्न. वेबच्या पत्त्यात देवनागरी थेट जात नाही, तिचे बाइट टक्क्याच्या चिन्हासह लिहिले जातात. देवनागरीची प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, तीन बाइटची, आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन चिन्हं. "मुंबई" या शब्दात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई मिळून पाच खुणा आहेत, त्याची पंचेचाळीस चिन्हं होतात. ब्राउझर तुम्हाला पट्टीत नीट "मुंबई" दाखवतो, पण कॉपी करताना ती रांग हातात देतो. लिंक चालते, फक्त ओंगळ दिसते. यात तुमची काही चूक नाही आणि लॅपटॉपचीही नाही. असा मजकूर कुठेही चिकटवला तरी मोडू नये म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांनी घेतलेली ती खबरदारी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पानाचं नाव वर स्वतः लिहा आणि खाली लिंक टाका, म्हणजे समोरच्याला कळतं.

पत्त्याच्या पट्टीवरून आणखी एक. गेली काही वर्षं ब्राउझर पत्ता झाकायच्या मागे आहेत. अ‍ॅपलचा सफारी मूळ सेटिंगमध्ये फक्त डोमेन, म्हणजे साइटचं मुख्य नाव, दाखवतो. क्रोमने २०१८ मध्ये पत्त्यातलं सुरुवातीचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लपवलं, ओरड झाल्यावर परत आणलं, पुढच्या वर्षी पुन्हा लपवलं. २०२० मध्ये तर डोमेनपुढचा अख्खा पत्ता लपवून पाहण्याचा प्रयोग केला आणि २०२१ मध्ये सोडून दिला. पत्ता झाकल्याने फसवणूक कमी होईल हा त्यांचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. डोमेनवर नजर जावी हे बरोबर, पण माणसाने पत्ता वाचायची सवयच सोडावी हे नाही. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीवर उजवं क्लिक करून पूर्ण पत्ता कायम दाखवण्याचा पर्याय निवडा. मी लावून दिलेल्या प्रत्येक मशीनवर तो चालू असतो.

कुलपाचं चित्र क्रोमने सप्टेंबर २०२३ च्या ११७ व्या आवृत्तीत काढलं, ते मात्र योग्य केलं. कुलूप म्हणजे साइट विश्वासू असा लोकांचा समज होता. खरं तर तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ, आणि भामट्याच्या साइटलाही कुलूप मिळतं. गूगलच्याच पाहणीत त्या चित्राचा नेमका अर्थ सांगू शकले ते अवघे ११ टक्के लोक. वीज कापली जाईल असा मेसेज आईच्या फोनवर आला आणि त्यातली लिंक कुणी लॅपटॉपवर उघडली, तर कुलूप बघू नका, डोमेनचा शेवट वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन (.bank.in) या शेवटाकडे जायला सांगितलं होतं. बँकेच्या बाबतीत तरी आता बघायला एक ठोस खूण आहे.

ब्राउझर कोणता, याचं उत्तर तुमच्या कामामुळे माझ्यासाठी सोपं झालं: रोजच्या वाचनाला फायरफॉक्स. कारण देवनागरी. फायरफॉक्सच्या फाँट सेटिंगमध्ये प्रगत पर्यायांत गेलात की लिपीनुसार फाँट निवडता येतो, देवनागरीसाठी वेगळा, लॅटिनसाठी वेगळा, आणि किमान आकारही वेगळा. क्रोम आणि एज मूळ सेटिंग्जमध्ये लिपीनुसार अशी निवड देत नाहीत. विंडोजचा निर्मला फाँट वाईट नाही, पण बारीक आकारात त्याची जोडाक्षरं दाटतात. "मुक्त" हा फाँट बसवून बघा. आपल्या मुंबईतल्याच एक टाइप या संस्थेचा, फुकट आणि मुक्त परवान्याचा. साइटने स्वतःचा फाँट लादला असेल तर तोच दिसतो. तोही डावलण्याचा पर्याय तिथेच खाली आहे, पण तो लावला की काही साइट्सची बटणांवरची चित्रं चौकटी होऊन बसतात, म्हणून तो गरजेपुरताच.

फायरफॉक्सला उणी बाजूही आहे. काही सरकारी आणि ऑफिसच्या साइट्स फक्त क्रोमवर तपासून सोडलेल्या असतात, डिजिटल सही लागणारी पोर्टल्स तर हमखास. म्हणून एज राहू द्या. तो विंडोजबरोबर आलाच आहे आणि आतून क्रोमच्याच क्रोमियम या पायावर चालतो, अशा कामांना तोच उघडा. तिसरा ब्राउझर भरण्यात अर्थ नाही. एज सुरू केल्यावर कूपन सुचवणं, बातम्यांनी भरलेलं नवं पान, कडेची पट्टी या तीन गोष्टी आधी बंद करा. नव्या मशीनवर ब्राउझर "गजबजलेला" वाटतो तो यांच्यामुळे.

मेमरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ८ जीबी असेल आणि बोर्डावरच पक्की असेल, तर पुढे वाढवता येणार नाही. तळाच्या झाकणाखाली स्लॉट आहे की नाही ते मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून ठेवा. ब्राउझर इतकी मेमरी का खातात याला आळस हे एकच कारण नाही. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी उघड झाल्यावर क्रोमने प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस दिली, म्हणजे एका साइटला दुसरीचा डेटा चोरता येऊ नये. त्याची किंमत गूगलने तेव्हा सांगितली ती १० ते १३ टक्के जास्त मेमरी. माझ्या मते ती मोजण्यासारखी होती. न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय क्रोम आणि एजमध्ये असते, ती चालू ठेवा. मात्र अर्धवट भरलेला फॉर्म ज्या साइटवर सोडून उठावं लागतं, तिला अपवादांच्या यादीत टाका. झोपलेला टॅब जागा होताना पान पुन्हा लोड होऊ शकतं आणि भरलेलं पुसलं जाऊ शकतं.

फॉर्म पुसला जाण्याचा दुसरा रस्ता टचपॅडवरून जातो. पूर्वी बॅकस्पेस दाबलं की मागचं पान यायचं. लोकांचं लिहिलेलं जायचं म्हणून क्रोमने ते २०१६ मध्ये काढलं. आता दोन बोटं आडवी सरकवली की मागचं पान येतं, म्हणजे तोच अपघात वेगळ्या दाराने परत आला. नव्या लॅपटॉपचे टचपॅड मोठे आणि हळवे असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात हे हमखास होतं. विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये संवेदनशीलता एक पायरी कमी करून बघा.

इतकं करून आता लॅपटॉपकडे बघा, कारण खरे दोष असतील तर त्यांना वेळ लावून चालत नाही. उघडलेलं खोकं आवडलं नाही म्हणून कुणी परत घेत नाही, दोष दाखवला तर बदलून मिळतं, आणि तेही लवकर सांगितलं तर. रात्री खोलीतले दिवे घालवून पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर लावा. कडेला उजेड गळतोय का, एखादा ठिपका पेटलेला आहे का, बघा. मग पांढरं चित्र लावा आणि मेलेले ठिपके शोधा. बॅटरीवर चालवताना पांढरं पान उघडलं की स्क्रीन आपोआप उजळ-मंद होत असेल तर तो दोष नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आशयानुसार उजेड बदलण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. रंग फिके वाटत असतील तर माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवता येतात त्याचं माप) आणि २५० निट (उजेडाचं माप) असं लिहिलंय का बघा. तसं असेल तर ती त्या पॅनेलची जातच आहे, कुठल्याही सेटिंगने सुधारणार नाही. मॉलमध्ये प्रखर दिव्यांखाली, पूर्ण उजेडावर भडक व्हिडिओ फिरत असतो, तिथे हे कळत नाही. लॅमिंग्टन रोडच्या (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या) दुकानात ट्यूबलाइटखाली साधी पांढरी वर्ड फाइल उघडून बघितली तर कळतं. मुद्रितशोधनाला फिके रंग चालतात, पण खिडकीजवळ बसत असाल तर २५० निट दुपारी अपुरे पडतील. जागा बदला.

धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेही बहुधा लॅपटॉपचं दुखणं नाही. जुन्या इमारतीत अर्थिंग नसतं किंवा आपण तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावतो, तेव्हा हे होतं. वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या.

राहिल्या आई. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये वेगळं खातंच उघडा, कारण स्केल खात्यानुसार वेगळं ठेवता येतं. त्यांच्या खात्यात १५० राहू द्या. एजमध्ये टॅब आडवेच ठेवा, बुकमार्कची पट्टी उघडी ठेवा आणि तिच्यात बँक, वीजबिल, रेल्वे आरक्षण यांच्या खऱ्या पत्त्यांची बटणं मराठी नावांनी लावून द्या. शोधून बँकेत जाण्यापेक्षा त्या बटणावरून जातील. तुमच्या खात्याला पासवर्ड घाला आणि त्यांच्यासाठी पिन ठेवा.